कलमाचा अव्हेर

पावसाच्या तोंडी कोकणातल्या एखाद्या जुन्या बागेत जाऊन उभे राहावे. रायवळ आंब्याच्या कोयीतून नुकतेच वर आलेले कोवळे रोप माळी हाती घेतो, त्याचा शेंडा छाटतो, मधोमध उभी चीर देतो आणि पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी त्या चिरेत बसवून वर पट्टी गुंडाळतो. काही आठवड्यांत काडीला पालवी फुटते. मूळ रायवळाचे, फळ हापूसचे, आणि दोघांचा संसार पुढे पन्नास वर्षे सुखाने चालतो. तू कोणाचा कोण, असे रायवळ हापूसला विचारीत नाही.

मनुष्याचा देह मात्र हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. परक्या माणसाची कातडी, मूत्रपिंड किंवा हृदय कितीही कुशलतेने शिवून बसवले, तरी थोड्याच दिवसांत देह त्याचा अव्हेर करतो. हा अव्हेर टाळण्यासाठी माणसाने जी धडपड केली तिचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. हा इतिहास बहुधा औषधांच्या शोधांचा म्हणून सांगितला जातो. पण बारकाईने पाहिले तर औषध सापडणे हा अर्धाच विजय होता. ते हव्या त्या जागी, हव्या त्या मापाने पोचते करणे हा उरलेला अर्धा. आणि तो अर्धा अजून पुरता हाती आलेला नाही.

आरंभ करायला आपल्याला पुण्यापासून फार दूर जावे लागत नाही. टिपू सुलतानाशी इंग्रजांचे जे युद्ध १७९२ साली संपले, त्यात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पत्र्याने नाकाचे माप घ्यायचे, तो पत्रा कपाळावर पसरून रेघ आखायची, तेवढी कातडी सोलून खाली वळवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. वरून काताचा लेप लावलेली पट्टी बसवायची. त्या चिंचोळ्या पट्टीतून रक्त वाहत राही, म्हणून नवे नाक जगे. सुमारे पंचवीस दिवसांनी ती कापून टाकीत. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया समक्ष पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात तिचा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. सुश्रुताच्या परंपरेतली ही विद्या युरोपात पुन्हा रुजली ती अशी.

या हकीकतीतली महत्त्वाची गोष्ट चटकन लक्षात येत नाही. कावसजीचे नाक कावसजीच्याच कपाळाचे होते. देहाने ते आपले म्हणून ओळखले, म्हणून ते टिकले. कपाळ शेजाऱ्याचे असते तर त्या कारागिराचे सारे कसब वाया गेले असते. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने रक्तवाहिन्या शिवण्याची नाजूक रीत बसवली आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यालाही हाच अनुभव आला. कुत्र्याचे मूत्रपिंड काढून त्याच कुत्र्याला पुन्हा बसवले तर चाले, दुसऱ्याला बसवले तर काही दिवसांत निकामी होई. शिवण पक्की होती. अडचण शिवणीत नव्हतीच.

ती कोठे होती हे दुसऱ्या महायुद्धाने शिकवले. १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे पीटर मेडावार या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या घराजवळ एक विमान कोसळले. त्यातल्या भयंकर भाजलेल्या वैमानिकासाठी काही करता येईल का, असे डॉक्टरांनी त्याला विचारले, आणि त्या प्रश्नाने त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे ग्लासगोच्या इस्पितळात टॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर काम करताना त्याने एका भाजलेल्या तरुणीच्या अंगावर तिची स्वतःची आणि तिच्या भावाची अशी दोन्ही कातडी लावलेली पाहिली. तिची स्वतःची रुजली. भावाची आधी रुजल्यासारखी दिसली आणि मग विरघळून गेली. काही दिवसांनी भावाची कातडी पुन्हा लावली, तेव्हा ती पहिल्यापेक्षाही लवकर नष्ट झाली. म्हणजे देहाने पहिली भेट लक्षात ठेवली होती. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा येत नाहीत, त्यामागे जी स्मृती असते तीच ही. १९४३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी शक्तीच कलमाचा नाश करते हे उघड झाले. आता पेच असा की, या पहारेकऱ्याला झोपवले तर कलम वाचेल, पण घर उघडे पडेल.

पहिले निर्विवाद यश मिळाले ते पहारेकऱ्याला झोपवून नव्हे, तर त्याला चकवून. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवले. दोघे एकसारखे जुळे होते. खात्री करून घ्यावी म्हणून आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहण्यात आली होती, ती टिकली. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला, त्याने इस्पितळातल्या परिचारिकेशी विवाह केला, त्याला मुले झाली. पण जुळा भाऊ किती जणांच्या नशिबी असतो? बाकीच्यांसाठी डॉक्टरांनी प्रथम क्ष-किरणांचा मार्ग धरला. सबंध अंगावर किरणांचा मारा करून प्रतिकारशक्ती मोडायची आणि मग मूत्रपिंड बसवायचे. बहुतेक रुग्ण दगावले. कलमाच्या अव्हेराने नव्हे, तर साध्या जंतुसंसर्गाने. घराचे रक्षण करायचे म्हणून घरच पेटवून देण्यासारखा हा प्रकार होता.

त्यानंतर औषध आले, आणि गमतीची गोष्ट अशी की, पहिल्याच औषधापाशी पोचवण्याचा प्रश्न उभा राहिला. १९५९ मध्ये बॉस्टनच्या श्वार्ट्झ आणि डॅमेशेक यांनी दाखवून दिले की, रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे सहा-मर्कॅप्टोप्युरीन सशांची प्रतिकारशक्ती थंडावते. रॉय काल्न या इंग्रज शल्यविशारदाने ते कुत्र्यांना देऊन त्यांची मूत्रपिंडे टिकवून पाहिली. पण हे औषध शरीरात फार लवकर मोडून जाई. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या संशोधकांनी त्याच्या रेणूला एक आणखी गट जोडून जणू अंगरखा चढवला. शरीरात गेल्यावर हा अंगरखा हळूहळू उतरे आणि आतले औषध सावकाश मोकळे होई. हेच अ‍ॅझाथायोप्रीन. एप्रिल १९६२ मध्ये मरे याने मृत माणसाचे मूत्रपिंड एका रुग्णाला बसवून हे औषध दिले, आणि ते मूत्रपिंड वर्षाहून अधिक काळ चालले. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या टॉमस स्टार्झल याने त्याच्या जोडीला प्रेडनिसोनची मोठी मात्रा दिली आणि सुरू झालेला अव्हेरही परतवता येतो हे दाखवले.

किंमत मात्र सबंध देहाला मोजावी लागली. प्रेडनिसोनने चेहरा चंद्रासारखा गोल होई, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे, आणि जंतूंना रान मोकळे मिळे. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे ख्रिश्चन बार्नार्ड याने लुई वॉशकान्स्की याला दुसऱ्याचे हृदय बसवले, तेव्हा सारे जग थक्क झाले. अठरा दिवसांनी वॉशकान्स्की न्यूमोनियाने वारला. नवे हृदय शेवटपर्यंत चालत होते. अव्हेराच्या भीतीने दिलेल्या औषधांनी फुप्फुसांचा दरवाजा उघडा टाकला होता. त्याच लाटेत १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचे धाडस केले. रुग्ण काही तासांतच गेला; अव्हेराची वेळ येण्याइतकाही अवधी मिळाला नाही. पण हे साहस परळसारख्या गिरणगावातल्या सार्वजनिक रुग्णालयात, जगातल्या पहिल्या काही प्रयत्नांच्या मालिकेत झाले, हे महाराष्ट्राने विसरू नये. त्या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बसवली गेली. बहुतेक रुग्ण गेले, आणि बहुतेक शल्यविशारदांनी सुरी खाली ठेवली.

ती पुन्हा हाती घेण्याचे बळ मातीने दिले. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचे कर्मचारी कोठेही सहलीला गेले तरी तिथली मूठभर माती पिशवीत भरून आणीत. १९६९ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरून आलेल्या मातीत एक बुरशी सापडली, आणि तिच्यातून निघाले सायक्लोस्पोरीन. १९७२ मध्ये त्याचा गुण ध्यानात आला. ते साऱ्या पेशींना सरसकट मारीत नाही. कलमावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना हल्ल्याचा हुकूम मिळतो तेवढाच ते रोखते. असे औषध आजवर कोणाच्या हाती आले नव्हते. पण त्यात एक खोड होती. ते पाण्यात विरघळत नव्हते.

केंब्रिज येथे काल्नच्या प्रयोगशाळेत आल्किस कोस्ताकिस नावाचा एक ग्रीक डॉक्टर उंदरांवर प्रयोग करीत होता. भुकटी उंदरांच्या अंगी लागेना. सांगतात की, इंग्लंडात पोराच्या खाण्याचे हाल होत असतील म्हणून त्याच्या आईने ऑलिव्हचे तेल पाठवले होते, आणि त्याने भुकटी त्या तेलात विरघळवून पाहिली. उंदरांना बसवलेली हृदये टिकली. माणसांवर पहिली चाचणी झाली तेव्हाही तीच अडचण आली. जिलेटिनच्या कॅपसुलांतून औषध पोटात जाई, पण रक्तात त्याचा मागमूस लागेना. तेव्हा झां-फ्रान्स्वा बोरेल या सँडोझच्या संशोधकाने ते मद्यार्कात आणि एका विरघळवणाऱ्या द्रवात कालवून स्वतःच पिऊन टाकले. त्याला थोडी झिंग आली, पण औषधही रक्तात उतरले. आज लाखो माणसे दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगतात. त्यांच्या आयुष्याच्या मुळाशी कोणा आईने पाठवलेली तेलाची बाटली आणि एका शास्त्रज्ञाची झिंग आहे.

१९७८ मध्ये काल्नने हे औषध रुग्णांना दिले, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला. मृत दात्याचे मूत्रपिंड वर्षभर टिकण्याचे प्रमाण पूर्वी सुमारे निम्मे होते, ते ८० टक्क्यांच्या आसपास गेले. तरी तेलातले औषध लहरी होते. ते आतड्यातून शोषले जायला पित्त लागे. कोणाच्या रक्तात घेतलेल्या मात्रेचा दहावा हिस्साही पोचत नसे, तर कोणाच्या अर्ध्याहून जास्त पोचे. कमी पोचले तर कलम जाई. जास्त पोचले तर आणखी विचित्र प्रकार घडे. हे औषध जादा झाले की मूत्रपिंडालाच इजा करते. ज्याच्या रक्षणासाठी घ्यायचे त्यालाच ते मारायचे! म्हणून रक्त वरचेवर तपासून मात्रा ठरवणे भाग पडले. १९९० च्या दशकाच्या मध्यात औषध इतक्या बारीक थेंबांच्या रूपात आले की, पोटात पाण्याशी मिसळताच ते आपोआप पसरे आणि पित्ताची फारशी वाट पाहत नसे. रेणू जुनाच होता, नवे होते ते त्याला पोचवणारे वाहन. पण या वाहनाने अनेकांची मूत्रपिंडे अधिक भरवशाची केली.

जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस निघाले. ते सायक्लोस्पोरीनपेक्षाही प्रखर, आणि आज बहुतेक रुग्ण तेच घेतात. पण त्याचाही मार्ग अरुंदच आहे. आपल्या देशात त्यात एक भर पडते. क्षयरोग आपल्याकडे घरोघरी दबा धरून बसलेला असतो, आणि प्रतिकारशक्ती मंदावली की तो डोके वर काढतो. क्षयावरचे रिफॅम्पिसीन द्यावे, तर ते यकृताला चेतवून टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरीन ही दोन्ही औषधे झपाट्याने मोडून टाकते. क्षय आवरावा तर मूत्रपिंड धोक्यात, मूत्रपिंड सांभाळावे तर क्षय मोकाट. दोन्ही मात्रा तोलून धरताना डॉक्टरांची खरी परीक्षा होते.

ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरात घड्याळाला निराळीच प्रतिष्ठा असते. सकाळी आठ आणि रात्री आठ. लग्नाच्या पंगतीत असो की एस.टी.च्या प्रवासात, ती वेळ चुकवायची नाही. माणूस बरा दिसतो, बरा असतो, आणि बरे असणे हाच मोठा धोका ठरतो; कारण बऱ्या माणसाला औषधाचा विसर पडतो. कधी विसर नसतो, खिसा रिकामा असतो. १९९८ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे न्यूझीलंडच्या क्लिंट हॅलम याला दुसऱ्याचा हात बसवण्यात आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. पुढे त्याने औषधे घेणे सोडले, हात आपला वाटेनासा झाला, आणि २००१ मध्ये त्याच्याच विनंतीवरून तो कापून टाकावा लागला. मूत्रपिंडाशिवाय मरण समोर उभे असते; हाताशिवाय माणूस जगू शकतो. मग एका हातासाठी सबंध देहाची कवाडे जन्मभर उघडी ठेवावीत काय? हा प्रश्न उद्धट नाही. तो या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

याचे उत्तर शोधताना एक साधी कल्पना पुनःपुन्हा वर आली. औषध सबंध देहाला न देता केवळ कलमापाशीच का देऊ नये? ही कल्पना नवी नाही. १९५१ मध्येच मेडावार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशांच्या कातडीच्या कलमावर कॉर्टिसोन वरून लावून पाहिले होते, आणि कलमाचे आयुष्य वाढले होते. डोळ्याच्या बाबतीत तर ही युक्ती रोजच्या वापरात आहे. १९०५ मध्ये ओलोमौत्स येथे एडुआर्ड झिर्म याने चुन्याने आंधळ्या झालेल्या एका मजुराला दुसऱ्याचे बुबुळाचे पारदर्शक पटल बसवले, आणि ते टिकले. या पटलात रक्तवाहिन्या नसल्याने पहारेकऱ्यांची तेथे फारशी ये-जा नसते. आज नेत्ररोपणानंतर बहुतेकांना स्टेरॉइडचे थेंब पुरतात. थेंब डोळ्यात पडतो, आणि बाकीच्या देहाला त्याची जवळजवळ खबरही लागत नाही.

मूत्रपिंडात थेंब टाकता येत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांच्या शरीरात लहानसा पंप बसवून औषध थेट मूत्रपिंडाच्या धमनीत सोडण्याचे प्रयोग झाले. पण मूत्रपिंडातून रक्ताचा केवढा लोंढा वाहतो! औषध तेथे क्षणभर टेकते आणि साऱ्या अंगभर निघून जाते. फुप्फुसाला श्वासाची वाट होती. २००६ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी फुप्फुसरोपण झालेल्यांना सायक्लोस्पोरीन हुंगायला दिले. जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले, पण अव्हेराचे तातडीचे झटके कमी झाले नाहीत.

कलमाजवळ औषधाचे कोठार ठेवून देण्याचा विचार याच वाटेवरचा. त्यातला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमधील बर्न, अमेरिकेतील बॉस्टन आणि आपले बंगलोर येथील संशोधक त्यात सहभागी होते. त्यांनी टॅक्रोलिमस एका मऊ लगद्यात भरले आणि उंदराला बसवलेल्या परक्या पायात ते एकदाच टोचले. हा लगदा एरवी स्वस्थ पडून राहतो. अव्हेर सुरू होऊन दाह पेटला की त्या दाहात जी पाचक द्रव्ये सुटतात, तीच लगद्याला विरघळवतात आणि औषध बाहेर येते. दाह शमला की लगदाही थांबतो. चोर आला तरच भुंकणारा कुत्रा म्हणा ना! एका टोचणीवर ते पाय शंभर दिवसांहून अधिक टिकले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय अव्हेराचा कट केवळ कलमात शिजत नाही. कलमाबरोबर आलेल्या दात्याच्या पेशी जवळच्या लसिका ग्रंथींत जातात, तेथे ‘परका आला’ ही वर्दी पोचते, आणि फौज तेथून निघते. दारावर पहारा ठेवला, पण चावडीवर काय ठरले ते कळले नाही, अशी गत होऊ शकते. म्हणून स्थानिक औषधाने गोळ्या संपूर्ण सुटतील असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. मात्रा निम्मी करता आली, दोनाऐवजी एक वेळ पुरली, तरी पुष्कळ झाले. दिवसातून एकदाच घ्यायचे टॅक्रोलिमस २००७ पासून युरोपात मिळू लागले. महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचे बेलाटासेप्ट २०११ मध्ये आले. ही लहान पावले वाटतात. पण ज्याला रोज रात्री आठाचा ठोका ऐकावा लागतो त्याला ती लहान वाटत नाहीत.

आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आया आणि बायका फार. आईने मुलाला एकदा जन्म दिलेला असतो. मूत्रपिंड देऊन ती तो दुसऱ्यांदा देते. ते मूत्रपिंड गेले तर ती आणखी कोठून आणणार? तिच्याजवळ आता उरलेले एकच असते. म्हणून पित्त, तेल, थेंब, लगदा यांच्या या किरकोळ दिसणाऱ्या हकीकतींना मी इतिहास म्हणतो. शल्यविशारदांचे पुतळे उभे राहतात, आणि ते राहावेत. पण दिलेले दान राखण्याचे काम औषध रक्तात किती आणि कोठवर पोचले, या बिननावाच्या प्रश्नाने केले आहे.

कोकणातला माळी कलम बांधून झाल्यावर त्याला सोडून देत नाही. पट्टी कधी सैल करायची, पाणी कोठे आणि किती घालायचे, हे तो रोज पाहतो. सबंध बागेत पाट फोडून एक कलम जगवणारा माळी अजून कोणी पाहिलेला नाही. वैद्यकाला त्या माळ्याचा हात साधण्यास अजून थोडा अवकाश आहे.